प्रार्थनेच्या वेळी उघडे डोळे

२३ मार्च १९८६

लाफाएले,

हे पत्र तुझ्या मामीच्या भावाबरोबर पाठवते आहे. नारळाच्या दुधात शिजवलेली अळवाची पानंही त्याच्याकडे दिली आहेत. विमानात त्याने वाटेतच उघडली नाहीत तर तुला मिळतील.

पोचल्याचं दोन ओळींत तरी कळवायचं होतंस. बाबांनी विचारलेलं नाही आणि ते विचारणारही नाहीत. निघताना तुम्हा दोघांचं जे वाजलं ते अजून त्यांच्या घशात अडकलेलं आहे. मी मात्र विचारते आहे.

इथली बातमी तुला कळलीच असेल. ऑकलंडमधल्या आपल्या लोकांना गावातलं गावाच्या आधी कळतं. तरी सांगते, कारण पाहणारी मी एकटी आहे आणि बाकी सगळे ऐकीव सांगत सुटले आहेत. फालानिको मेला. तू दुपारच्या बोटीला निघालास त्याच संध्याकाळी, आंघोळीच्या कुंडामागून मळ्याकडे जी वाट जाते तिथे कुणीतरी त्याला कोयत्याने मारलं. कुणीतरी म्हणजे एसेकियाने.

वाचून धक्का बसला असेल. मलाही बसला. तू आणि तो शेजारी शेजारी आडवे होऊन एकाच कारागिराच्या हातून कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेतलंत, एकाचं रक्त पुसलेलं फडकं दुसऱ्याला लागायचं. असा जोडीदार म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. तो मला आई म्हणतो. तरी जे पाहिलं ते पाहिलं.

शंख वाजला होता. सगळं गाव आपापल्या घरात मान खाली घालून प्रार्थनेला बसलं होतं, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. बाबांनी स्तोत्र सुरू केलं. आणि मी वर पाहिलं. का पाहिलं विचारू नकोस. बायकांच्या कमिटीची इतकी वर्षं अध्यक्ष आहे, कुणाच्या दारासमोर पाला पडलाय हे बघायची डोळ्यांना खोड लागली आहे. आपल्या घराला भिंती नाहीत, खांबांच्या मधून कुंड समोर दिसतं. तिथे एक माणूस लुंगी कमरेपर्यंत खोचून पाण्यात उभा होता, माझ्याकडे पाठ करून, अंग घाईघाईने धूत होता. मांडीवर गोंदण. शंख वाजल्यावर कुंडात उतरणारा बेशरम कोण, उद्या त्याला दंड लावते, एवढंच तेव्हा मनात आलं. सकाळी फालानिको सापडला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. गावात गोंदण असलेली तरुण पोरं दोनच. एक तू, बोटीवर. उरला तो.

तो म्हणतो, मी नव्हतो. एवढंच म्हणतो.

थंडीत कान झाकत जा.

तुझी आई


६ एप्रिल १९८६

लाफाएले,

तुझं पत्र नाही. असो.

मागच्या पत्रात इफोगाचं, म्हणजे चटईखाली बसून माफी मागण्याचं, लिहायचं राहिलं. एसेकियाला पोलिसांनी नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा बाप, तुसा, घरातली सगळ्यांत बारीक विणीची चटई डोक्यावर ओढून फालानिकोच्या बायकोच्या, सिनाच्या घरासमोर जाऊन बसला. मागे त्याचे भाऊ. फालानिकोला जाऊन तीन दिवसही झाले नव्हते. सिनाच्या दिरांनी मनात आणलं असतं तर चटईसकट तुसाला तिथेच संपवलं असतं आणि कुणी त्यांना फार बोल लावला नसता. म्हणून तर माणूस चटईखाली बसतो, की माझी मान तुमच्या हातात आहे. ऊन चढलं तशी सिना बाहेर आली आणि तिने चटई उचलली. दोन्ही घरं रडली. मीही रडले, लपवत नाही.

आता तुझ्या मित्राचं ऐक. बापाने त्याच्यासाठी मान ठेवली, आणि हा आपिया शहरातल्या तुरुंगातून निरोप पाठवतो की मी केलेलं नाही. तुसा पिसाळला. माझ्या समोर म्हणाला, "लुपे, हे आधी नाही का बोलायचं? मला धुळीत बसवलं, सिनाला रडवलं, आणि आता म्हणतो मी नव्हतोच! मग मी कुणाच्या पापासाठी बसलो होतो?"

मी म्हटलं, "घाबरलाय तो."

"घाबरलाय नाही, निर्लज्ज झालाय. मी भेटायला जाणार नाही."

आणि गेला नाही. गावात आता कुणाला शंका नाही. माझी साक्ष नसती तरी चटईने साक्ष दिली, असं पाद्रीबाबाही म्हणाले. खुनाला इथे फाशी सुनावतात आणि मग जन्मठेप करतात, तसं त्याचं होईल. पोर वाईट नव्हतं रे. डुकरावरून भांडण, दुसरं काय. एसेकियाचं डुक्कर फालानिकोच्या मळ्यात शिरलं होतं आणि दोघे रस्त्यात ओरडले होते, ते अर्ध्या गावाने ऐकलं आहे.

सिनाकडे रोज जाऊन बसते. ती आठवून आठवून बोलते. काल म्हणाली, "मावशी, आदल्या दिवशी ते घरी आले तेच हसत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, आज कुंडावर एक गंमत पाहिली, गुरुवारी सभेत सांगणार, सगळं गाव पोट धरून हसेल. मला काही सांगितलं नाही. गंमत राहिलीच." आणि पुन्हा रडायला लागली. फालानिकोचा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्याची फजिती झाली की त्याचं जेवण गोड व्हायचं. मेलेल्याबद्दल बोलू नये, पण होता तसा. काय पाहिलं होतं कोण जाणे.

बाबांची खोकल्याची उबळ कमी आहे.

तुझी आई


२९ जून १९८६

लाफाएले,

तीन महिन्यांत तुझी एक ओळ आली आणि ती ही. ना तब्येत, ना नोकरी, ना बाबा कसे आहेत. "आई, तू त्याचा चेहरा पाहिलास का?"

तुला दुसरं काही सुचलं नाही? पोलिसांनी हेच विचारलं. सरकारी वकिलाने हेच विचारलं. एसेकियासाठी सरकारने दिलेला वकील, आपियाचा एक बारका गोरागोमटा मुलगा, बोटीने आला, आपल्या ओट्यावर बसून माझ्या हातचा कोको प्यायला आणि त्यानेही हेच विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, तुलाही देते. पाहिला. त्याने मान वळवली तेव्हा पाहिला. डोळे मिटले तरी समोर येतो. सुरुवातीला एवढा स्पष्ट नव्हता, आता जास्त स्पष्ट आहे.

घराघरांत उशांचे अभ्रे तपासणारी बाई आहे मी. न पाहिलेलं पाहिलं म्हणत नाही. निदान तू तरी हे विचारायचं नव्हतंस.

तो वकील जाता जाता म्हणाला, "बाई, माझा अशील मला काहीच मदत करत नाही. कुठे होतास विचारलं तर मळ्यात, एकटा. कुणावर संशय आहे विचारलं तर गप्प. नाही म्हणण्यापलीकडे त्याच्याकडे काही नाही, आणि तुमच्याकडे डोळे आहेत. माझं काम अवघड आहे."

मी म्हटलं, "खऱ्या माणसाला नाही म्हणण्यापलीकडे काय असणार?" बोलून गेले आणि मग वाटलं, मी कुणाच्या बाजूने बोलले?

एसेकिया गप्प बसू शकतो हे मात्र खरं. ते तुला आणि मला जितकं माहीत आहे तितकं कुणालाच नाही. तू बाराव्या दिवशी कारागिराच्या चटईवरून उठलास. उजवा पाय पुरा झाला होता, डाव्याला हात लागायचा होता. तू म्हणालास, आई, मारून टाक पण पुन्हा आडवं व्हायला सांगू नकोस. तुला ताप होता, मी उठू दिलं. बाबा तेव्हा इस्पितळात होते, आपल्याकडून आलेली मी एकटीच. मीच कारागिराला भेटी दिल्या, मीच त्याच्या गावाहून परत येऊन गावाला सांगितलं की दोघांचंही पार पडलं. अर्धवट गोंदण म्हणजे काय ते सांगायला नको. घराण्याचं नाव जातं. बाबा सभेत घराण्याच्या मानाच्या खांबाला टेकून बसू शकले नसते. एसेकियाने शेजारून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या जोडीदाराचं झालं म्हणजे झालं." तेव्हापासून तू गुडघ्याखाली लुंगी नेसलास, घरामागच्या पिंपातल्या पाण्याने आंघोळ केलीस, आणि पोरी म्हणायच्या की लाफा फार लाजतो. एसेकियाच्या तोंडून एक शब्द गेला नाही, दारू पिऊनसुद्धा.

हे मी पुन्हा कधी बोलणार नाही म्हटलं होतं. आता लिहिलं. पत्र वाचून जाळ.

आणखी एक. धक्क्यावर कोको विकणारी फिलोई काल भेटली. म्हणते, "अगं, त्या दिवशी दुपारची बोट कुठे सुटली? समुद्र खवळला होता. तुझा लाफा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीला होता, माझ्याकडे कोको प्यायला, पैसे द्यायचेही विसरला पोरगा. म्हटलं आईला सोडून चाललाय." तिला दिवसांचा पत्ता राहत नाही, म्हातारी झाली. किंवा तू धक्क्याजवळ मामाकडे थांबला असशील. मामाला विचारणार होते, राहून गेलं.

खटला ऑगस्टमध्ये आहे.

आई


१२ ऑगस्ट १९८६, आपिया

लाफा,

तुझ्या मावशीच्या घरून लिहिते आहे. संध्याकाळचे स्वयंपाक चालले आहेत, कुणी माझ्याकडे बघत नाही. बाबा पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याशी पत्ते खेळत आहेत.

आज माझी साक्ष झाली. न्यायाधीश न्यूझीलंडचे, शेजारी चार पंच, मध्ये एक दुभाष्या. मी पांढरा पोशाख आणि टोपी घातली होती. आपल्या गावची अर्धी बोट आली होती. सिना पहिल्या बाकावर. तुसा आला नाही.

सरकारी वकिलाचं पटकन झालं. मग तो बारका मुलगा उठला.

"बाई, शंख वाजल्यावर गावात सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात. बरोबर?"

"बरोबर."

"तुमचे डोळे उघडे होते?"

बाकांवर खसखस पिकली. पाद्रीबाबा स्वतः तिथे बसलेले. मी म्हटलं, "उघडे होते म्हणून तर तुम्हाला साक्षीदार मिळाला. मिटलेले असते तर देवाला बोलवावं लागलं असतं." दुभाष्याने सांगितल्यावर न्यायाधीशही हसले.

"चेहरा पाहिलात?"

"पाहिला."

"नाक, डोळे, ओठ?"

"मी त्याला नागडा खेळायचा तेव्हापासून ओळखते. नाकाचं माप घ्यायला मी काय शिंपीण आहे?"

पुन्हा हसले सगळे. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सगळं गाव बघत होतं आणि माझी जीभ चालत होती. एसेकिया समोर उभा होता, वाळलेला. तो माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं. तसा बघत नव्हता. लहानपणी तू काही सांडलंस की तो जसा तुझ्याकडे बघायचा, आता मार बसणार या नजरेने, तसा तो माझ्याकडे बघत होता.

मग वकील म्हणाला, "तुम्ही गोंदण पाहिलंत. माझा अशील आता गोंदण दाखवेल. हेच का ते, एवढं सांगा."

एसेकियाने पाठ केली आणि लुंगी वर खोचली. कुंडातला माणूस उभा होता तसाच.

दोन्ही पाय भरलेले होते, लाफा. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, उजवा आणि डावा, काळेभोर.

मी कुंडात पाहिलेल्या माणसाचा डावा पाय उजळ होता. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पाद्रीबाबांच्या ओसरीवरचा पेट्रोमॅक्स नुकताच लागला होता, त्याचा उजेड त्या पायावर पडला असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं. पण पाद्रीबाबांचं घर कुंडाच्या उजव्या हाताला आहे. उजेड उजव्या पायावर होता आणि उजवाच काळा दिसत होता. डावा अंधारात होता आणि तरी उजळ. त्यावर काही नव्हतंच.

आणि मग चेहरा आठवायला गेले. डोळे मिटले की इतके महिने जो समोर यायचा तो आलाच नाही. मान वळलेली आली, ओले केस आले, कान आला. तुमचे दोघांचे केस मीच एका कात्रीने कापायची. पाठमोरे चाललात की तुसासुद्धा तुला एसेकिया म्हणून हाक मारायचा. चेहरा मी नंतर बसवला. पोलिसांनी नाव लिहून घेतलं तेव्हा बसवला असेल, किंवा तुसा चटईखाली बसला तेव्हा. दर वेळी सांगताना थोडा थोडा पक्का होत गेला.

मी पाणी मागितलं. न्यायाधीश म्हणाले, बाईंना बरं वाटत नाही, उद्या सकाळी पुढे चालू.

फालानिकोने कुंडावर कोणती गंमत पाहिली ते आता मला कळतं. गुरुवारी सभेत तो बाबांसमोर काय सांगणार होता ते कळतं. तो तुला तोंडावर हसला असणार. त्याचं हसणं कसं होतं ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्या हातात मळ्यातला कोयता होता. हे मी तुला माफ करायला लिहीत नाही. सिना आज माझ्या शेजारी बसून भाकरफळ खात होती. तिच्या धाकट्याला अजून वाटतं की बाप मासे धरायला गेलाय.

तू विचारलंस, चेहरा पाहिलास का. मी त्या एका ओळीवर किती चिडले. तुला सुटलो की नाही ते बघायचं होतं, की मी चुकते आहे हे मला सांगायचं होतं? दोन्ही असेल. पत्र लिहून उत्तर मागवायला वेळ नाही. उद्या सकाळी तो वकील पुन्हा विचारणार, हेच का ते गोंदण. मी "हेच" म्हटलं की संपलं. तो जन्मभर आत, तू तिकडे, बाबा सभेत आपल्या खांबाला टेकून. एसेकियाही काही बोलणार नाही. तो बोलला असता तर मार्चमध्येच बोलला असता. वकिलाला एक वाक्य पुरलं असतं, की बाईंच्या मुलाचा पाय तपासा. पाच महिने तो तुझी लाज सांभाळत तुरुंगात बसला आहे आणि त्याचा बाप त्याला भेटत नाही.

तू माझा मुलगा आहेस. तू त्या चटईवरून उठलास तेव्हा तुला मी उठू दिलं, कारण मला तुझं ओरडणं ऐकवत नव्हतं. आताही ऐकवत नाही. पत्ते संपले वाटतं, बाबा हाक मारतायत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

आई


२४ ऑगस्ट १९८६

लाफा,

तुझं नाव मी घेतलं. आधी हे लिहिते म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

सकाळी वकिलाने प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हे ते गोंदण नाही. आणि मी चेहरा पाहिलेला नाही."

सरकारी वकील ताडकन उठला. "काल पाहिला म्हणालात! बाई, तुम्ही शपथेवर आहात. काल खोटं बोललात की आज बोलताय?"

"काल खोटं बोलले नाही," मी म्हटलं. "काल मला तो दिसत होता. आज दिसत नाही."

"असं कसं होईल?"

"मलाही ठाऊक नव्हतं असं होतं म्हणून. आता माझ्याकडे बघून शिका."

आज कुणी हसलं नाही. मी डाव्या पायाचं सांगितलं. पेट्रोमॅक्स कुठल्या बाजूला होता ते सांगितलं, पाद्रीबाबांनी मान हलवली. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "अर्धवट गोंदण असलेला माणूस तुमच्या माहितीत आहे का?"

तेव्हा एसेकिया ओरडला. सगळ्या खटल्यात "मी नव्हतो" सोडून त्याच्या तोंडून दुसरं काही निघालं नव्हतं. तो ओरडला, "आई, नको!" शिपायांनी त्याला खाली बसवलं. पण ते ऐकल्यावर मला फार सोपं गेलं. ज्याला मी आत टाकत होते तो मलाच वाचवायला बघत होता. मी म्हटलं, आहे, माझा मुलगा लाफाएले, आणि तो त्या दिवशी दुपारच्या बोटीवर नव्हता.

बाबा उठून बाहेर गेले.

खटला सरकारने मागे घेतला. एसेकिया परवा घरी आला. तुसा त्याला आणायला धक्क्यावर गेला नाही, मी गेले. वाटेत तुसा आपल्याच मळ्याच्या कडेला उभा होता. मला म्हणाला, "लुपे, मी चटईखाली बसलो त्याचं मला काही नाही. पण मी याला भेटायला गेलो नाही. आता याच्या तोंडाकडे मी कसं बघायचं ते तू सांग." एसेकियाच पुढे झाला, बापाच्या खांद्यावरचा अळकुड्यांचा भारा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोघे घराकडे गेले. माझ्याशी तो बोलला नाही. संध्याकाळी ओट्यावर चार अळकुड्या ठेवलेल्या सापडल्या.

कमिटीचं अध्यक्षपद मी सोडलं. बायका नको नको म्हणाल्या, पण फार जोर लावून नाही.

आता बाबांचं. बोटीत, बसमध्ये ते माझ्यापासून दूर जाऊन बसले. मला वाटलं, मला घरातून काढतील. घरी आल्यावर त्यांनी शिडी लावली आणि आढ्यावरची चटई खाली काढली. आजीने सुरू केलेली, मी पुरी केलेली, तुझ्या लग्नासाठी ठेवलेली. उलगडली, झटकली. मग म्हणाले, "पहाटे निघू. त्याचा एकच पाय झालाय हे तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

मी म्हटलं, "मारलं असतंत."

"मारलं असतं," ते म्हणाले. "आणि मग घेऊन गेलो असतो, पुरा करायला." आणि रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पहाटे आम्ही दोघं सिनाच्या घरासमोर चटईखाली बसलो. आतून उजेड सोनेरी दिसतो, श्वास कोंडतो. दीर बाहेर आले, दगड घेऊन उभे राहिले, त्यांची पावलं दिसत होती. मग सिनाची पावलं आली. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथेच उभी होती. शेवटी म्हणाली, "मावशी, ही चटई मी एकदा उचलली. भलत्याच माणसासाठी उचलली, रडले, जेवू घातलं. आता ज्याने केलं तो खाली असेल तेव्हाच उचलेन. तुम्ही घरी जा. तुमच्यावर माझा राग नाही, पण ही चटई मी उचलणार नाही."

तिचं बरोबर आहे. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो, तिसऱ्या दिवशीही. आता रोज जातो. दिरांनी दगड टाकून दिले आहेत, मुलं शाळेत जाताना आमच्या बाजूने वळसा घालून जातात.

पोलिस तिकडे लिहिणार आहेत, तुला पकडून आणतील. तसा येऊ नकोस. त्यांच्या आधी स्वतः ये. शिक्षा होईलच, ती मी टाळू शकत नाही आणि आता टाळणारही नाही. पण तुरुंगात जायच्या आधी एक पहाट तुला सिनाच्या दारात मिळेल, ती बेड्या घालून आलास तर मिळणार नाही.

चटई रुंद आहे, तिघांना पुरते. बाबा एका कडेला बसतात, मध्ये जागा सोडतात. आता सगळ्या गावाला माहीत आहे, लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. तरी तू आलास की मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन.

तुझी आई